निजाम मिस्त्रीचा कान

अडतीस साली नाशकात खासगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मोटारीतलं खरंखुरं कळणारी माणसं त्याहून कमी. त्यांत पहिला नंबर निजाम मिस्त्रीचा. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, तो स्वतःच चौकाचौकात सांगत असे. माणूस उंच, सडपातळ, कानात हिना अत्तराचा फाया, आणि आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. लोक म्हणत, काय अदब आहे! अदब कसली डोंबलाची. पण ते पुढे येईलच.

इंजिन बिघडलं की बाकीचे मेकॅनिक पाने घेऊन खोलायला बसत. निजाम आधी ऐकायचा. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचा, लाकडी मूठ दातांत धरायचा, दोन्ही कानांत बोटं घालायचा आणि डोळे मिटायचा. भोवती जमलेली माणसं श्वास रोखून उभी. मग डोळे उघडून हळूच म्हणायचा, "तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग." खोलून बघावं तर तिसऱ्याच सिलिंडरचं! इगतपुरीपासूनचे लॉरीवाले त्याला शोधत यायचे. 'कानवाला मिस्त्री' असंच नाव पडलं होतं त्याचं. आणि ज्या ड्रायव्हरला आपल्याच गाडीचा खडखडाट ऐकू आलेला नसे, त्याची तो चारचौघांत सालटी काढायचा. "कान आहेत की भिंतीतले कोनाडे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणसं ओशाळून हसायची, तो हसायचा नाही.

निजाम नोकरीला होता खंडेरावांकडे. खंडेराव म्हणजे द्राक्षांचे आणि कांद्यांचे बडे व्यापारी, गंगापूर रस्त्याला बंगला, दारात सहा सिलिंडरची अमेरिकन गाडी. गाडी चालवायची निजामने, राखायचीही निजामने. गृहस्थ वाईट नव्हते, पण तोंडातून चांगला शब्द काढायला जणू त्यांना दाम मोजावे लागत. काम चुकलं तर अर्धा तास तोंडाचा पट्टा, काम फत्ते झालं तर नुसतं "हं." एकदा सटाण्याच्या वाटेवर गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. निजामने बाभळीची फांदी तोडून, दोरखंडाने आवळून, गाडी रडतखडत घरी आणली. मालक उतरले, धोतर झटकलं, म्हणाले, "हं." आणि आत गेले. त्यांच्या तोंडून एकदा 'शाबास' ऐकायचं, एवढी एकच हौस निजामला होती. बायकोला त्याने ती कधी सांगितली नाही, पण होती.

त्या वर्षी खंडेरावांच्या डोक्यात रेडिओचं खूळ शिरलं. घरात रेडिओ होताच. आता गाडीत हवा. मुंबईच्या कुणा शेटजीच्या मोटारीत त्यांनी तो ऐकला होता. झालं! निजाम गाडी घेऊन मुंबईला गेला. तिथल्या एका दुकानात फिटरने डॅशबोर्डाखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर रेडिओची पेटी बसवायला घेतली. बॉनेट उघडलं तर त्याच जागी पत्र्यावर शेंदराचं स्वस्तिक. ते खंडेरावांच्या आईचं, कुसाबाईंचं. बाहेर काढलं तर पाऊस धुऊन नेतो म्हणून म्हातारी दर दसऱ्याला बॉनेटच्या आत तेलशेंदराने ते काढायची, जुन्यावरच नवं. चांगला जाड थर झाला होता.

"इथला पत्रा घासून लख्ख करावा लागेल," फिटर म्हणाला. "बोल्टमधूनच पेटीचं अर्थिंग होतं."

निजामने त्याचा हात धरला. "त्याला हात लावायचा नाही. आमच्या मोठ्या बाईंनी काढलेलं आहे."

फिटरने खांदे उडवले आणि शेंदराच्या थरावरच बोल्ट आवळला. त्याचं काय जात होतं?

गाडी नाशकात आली आणि साडेसाती सुरू झाली. आधी बॅटरी बसायला लागली. खंडेराव द्राक्षाच्या मळ्यात गाडी उभी करून रेडिओ ऐकत बसायचे आणि मग गाडी ढकलायला गडी बोलवायचे. निजामने डायनमोचा ब्रश सरकवून चार्जिंग वाढवलं, बॅटरीत पाणी भरलं, टोकं घासली. बॅटरी ताळ्यावर आली. "हं," मालक म्हणाले. मग तडतड. गाडी चालू केली की रेडिओत फुटाणे फुटल्यासारखा आवाज. गाणारी बाई काय गाते ते कळेना. ती तडतड प्लगच्या ठिणगीची, हे निजामला लगेच कळलं. मुंबईहून प्लगच्या तारांवर बसवायचे रेझिस्टन्स मागवले, डायनमोला कंडेन्सर लावला. तडतड गेली. "हं."

निजामला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया पुलावर मालक मागून गरजले, "ही शिट्टी कसली रे?"

"कसली शिट्टी, मालक?"

"कसली म्हणजे? गाडी जोरात नेली की चढते, हळू केली की उतरते. डोकं उठलं माझं!"

निजामने कान दिला. रेडिओवर कुणीतरी पेटी वाजवत होतं. शिट्टीबिट्टी काही नव्हती. "मालक, शिट्टी नाही," तो म्हणाला.

मालकांच्या शेजारी कुसाबाई बसल्या होत्या, पंचवटीत देवाला निघालेल्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "आरं, हाय की रं निजाम! सारखी कुई कुई करती."

निजामने गाडी थांबवली, पळवली, पुन्हा थांबवली. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आणि स्वतःचा कान चुकत असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. नाशकात सगळ्यांचे कान चुकतील, त्याचा नाही! त्याने सरळ निकाल लावला: हे मायलेक आपल्याला घालवायला टपलेत. मुंबईहून टोपीवाला ड्रायव्हर आणायचं घाटत असणार, म्हणून ही नसलेली शिट्टी.

"माझा कान सांगतो, मालक, शिट्टी नाही," तो पुन्हा म्हणाला.

"म्हणजे मी खोटारडा? आणि माझी आईपण?" खंडेरावांचा पारा चढला. "ऐक. गुरुवारी सटाण्याला जायचंय. त्याच्या आत शिट्टी बंद झाली पाहिजे. नाहीतर गाडी मुंबईला जाईल, आणि ती न्यायला ड्रायव्हरही मुंबईचाच येईल. कळलं?"

कळलं. न कळायला काय झालं?

मायलेकांना बंगल्यावर सोडून निजाम गाडी घेऊन तडक घरी आला. घर चौक मंडईच्या बाजूला, एका अरुंद गल्लीत. त्याची बायको ताहेरा तांदूळ निवडत बसली होती. या दोघांचं भांडण कधी झालं नाही आणि बोलणंही फारसं नाही. ताहेरा हळू बोलणारी; आपला आवाज शेजारी जाऊ नये, अशी तिच्या माहेरची रीत. चुलीपुढून ती काही म्हणायची, आणि निजाम उत्तरच द्यायचा नाही. पाठ करून बसायचा. सुरुवातीला ती रडायची. मग बहिणीला म्हणायची, "दगडाशी निकाह लावून दिला माझा. मोठा मिस्त्री ना तो, माझ्याशी कशाला बोलेल?" पुढे पुढे तिने बोलणंच आटोपतं घेतलं.

"ऊठ," निजाम म्हणाला. "गाडीत बस."

ताहेरा बघतच राहिली. मालकाच्या गाडीत? लग्न झाल्यापासून तिने त्या गाडीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी डोक्यावर पदर घेऊन ती कडेकडेने मागच्या सीटवर बसली. निजामने इंजिन चालू केलं, रेडिओ लावला आणि पाय दाबला.

"काही ऐकू येतं?" त्याने मागे वळून विचारलं.

"येतं की. बारीक शिट्टी. पाणी उकळलं की किटली करते ना, तशी."

निजामचा पाय पेडलवरच राहिला. ताहेराला मालकाशी काय देणंघेणं? ती कशाला खोटं बोलेल? त्याने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "खरं सांग."

"खुदाची कसम. अजी, तुम्हाला नाही ऐकू येत?"

त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक रेडिओच्या पेटीला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. आणि आली! दातांतून, जबड्यातून, थेट डोक्यात. बारीक, धारदार, पाय दाबला की चढणारी शिट्टी. मालक खरं बोलत होते. म्हातारी खरं बोलत होती. दातांतून मूठ काढली की शिट्टी गायब, धरली की हजर. त्याने तीनचारदा करून पाहिलं आणि मग स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला.

लहानपणी त्याचा कान फुटायचा. आई लसूण घालून गरम केलेलं तेल सोडायची आणि वास लपवायला अत्तराचा फाया खोचायची. फाया राहिला, कान कधी गेला ते त्याला कळलंच नाही. गाडीत इंजिनाच्या घरघरीत सगळे ओरडूनच बोलतात, ते त्याला ऐकू येई. मालकाचा गळा मोठा, तोही ऐकू येई. इंजिन तर तो दातांनीच ऐकत आला होता. आणि स्वतःचा आवाज डोक्यातच मोठा घुमायचा, म्हणून तो हळू बोलायचा; लोक त्याला अदब म्हणत. कानवाला मिस्त्री म्हणे! आणि ज्यांना त्याने कोनाडे म्हटलं, त्या बिचाऱ्यांचे कान धडधाकट होते.

"कधीपासून?" ताहेराने विचारलं. तो तिच्या ओठांकडे बघत होता, हे तिला आता दिसलं.

"माहीत नाही."

"मग मी इतकी वर्षं जे बोलत होते..."

"काय बोलत होतीस?"

ताहेरा काय सांगणार? केलेल्या कालवणाचं विचारलं होतं, आईच्या आजारपणाचं सांगितलं होतं, एकदा तर दिवस राहिल्याचं सांगितलं होतं आणि हा बिडी ओढत बसला होता. ते मूल राहिलं नाही. मग तेही तिने पुन्हा सांगितलं नाही. "काही नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आता काय त्याचं!"

"कुणाला बोलू नकोस," निजाम म्हणाला. "बहिऱ्याला ड्रायव्हर कोण ठेवील?"

मग दोघं कामाला लागली. निजाम बॉनेटमध्ये वाकला आणि ताहेरा आत बसली. ठरलं असं, की शिट्टी वाजतेय तोवर तिने खिडकीबाहेर हात वर धरायचा आणि थांबली की खाली घ्यायचा. निजामने डायनमोचा कंडेन्सर आवळून पाहिला, हात वरच. बॅटरीची तार बदलून पाहिली, हात वरच. दिव्यांच्या तारा सोडल्या, भोंग्याची सोडली. बांगड्यांचा हात आपला वरच. शेवटी पेटीच्या बोल्टावर पाना ठेवला आणि त्याचं दुसरं टोक शेजारच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. हात झपकन खाली आला. पाना उचलला, हात वर. टेकवला, खाली. सापडली!

बोल्टाखाली शेंदराचा थर. वीज पत्र्यात उतरणार कशी? पेटीला अर्थिंगच नव्हतं. फिटर ते घासत होता तर निजामनेच त्याचा हात धरला होता. करायला गेलो काय अन् उलटं झालं काय, तशातली गत. तो बॉनेटला टेकून हसला, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

खोटं कशाला बोला, शेंदूर खरवडायला त्याला एक क्षण पुरला असता. पण तो बंगल्यावर गेला आणि कुसाबाईंना विचारलं. म्हातारीने आधी तोंड वाकडं केलं. मग करवंटीचा तुकडा घेऊन स्वतःच गाडीपाशी आली.

"मी काढलंय, मीच पुसते. तू हात लावू नको, बाबा. उगा कोनी काय बोलंल अन् तुझ्यावर यील," ती म्हणाली. तिने हात जोडले आणि खरवडून टाकलं. उरलेला पत्रा निजामने पॉलिशपेपरने लख्ख घासला, बोल्ट आवळला. स्वस्तिक दुसऱ्या बाजूला गेलं.

गुरुवारी सटाणा झालं; कुसाबाईही बरोबर होत्या. कांद्याचा सौदा मनासारखा झाल्यामुळे खंडेराव खुशीत होते. परतताना पिंपळगाव मागे पडलं आणि दिवस कलला तसं मुंबईचं स्टेशन स्वच्छ लागलं. तडतड नाही, शिट्टी नाही. निजाम मन लावून गाडी हाकत होता. त्याच्या मनात एकच होतं, आज तरी मालकाने काही म्हणावं. पण मागे सगळं सामसूम. त्याने आरशात पाहिलं. खंडेराव सीटला रेलून बसले होते आणि त्यांचे ओठ हलले. गाणं म्हणताहेत की काय? पुन्हा हलले. ते आरशातून निजामकडेच बघत होते.

मग त्याच्या ध्यानात आलं. गोंगाट होता तोवर मालक ओरडत होते. आता रेडिओ इतका स्वच्छ झाला, की गाडीत ओरडायची गरजच उरली नव्हती. मालक साध्या आवाजात बोलत होते.

उत्तर द्यावं तर कशाला? "जी, मालक," तो अंदाजाने म्हणाला.

आरशात खंडेरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं. "जी, मालक," निजाम पुन्हा म्हणाला. कुसाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्याने डोळे रस्त्यावर आणले. पुढच्याच क्षणी खांद्यावर जोराची थाप बसली.

"थांबव! थांबव म्हणतोय मघापासून!"

त्याने गाडी कडेला घेतली. खंडेराव उतरून त्याच्या दाराशी आले. "तुला ऐकू येत नाही?"

"इंजिनाचं येतं, मालक."

"इंजिनाचं! आणि माणसाचं? मागून लॉरीने भोंगा दिला तर? माझी आई बसते या गाडीत, निजाम." ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. रागावले असते तर निजामने उलट उत्तर तरी दिलं असतं. "सरक तिकडे."

खंडेरावांना गाडी अर्धीमुर्धीच येत होती. नाशिक येईपर्यंत त्यांनी गिअरचे दात खाऊन टाकले. शेजारी बसलेल्या निजामला प्रत्येक करकर तळपायातून ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "तुला टाकणार नाही मी. गाडी धू, पूस, गॅरेजात राहा." म्हणाले अगदी ओरडून, त्याला कळावं म्हणून. माळ्याने ऐकलं, स्वयंपाकिणीने ऐकलं. निजामने किल्ली ओट्यावर ठेवली आणि घरी आला. फडकं मारायला त्याने जन्म काढला नव्हता.

बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ? चौकातल्या ड्रायव्हरांना तर सण झाला. "कान आहेत की कोनाडे?" त्याचंच वाक्य आता त्याला ऐकवायचे, म्हणजे दाखवायचे, कारण ओठांवरून त्याला बरोबर कळायचं. त्याने वर्षानुवर्षं पेरलं तेच उगवलं, तक्रार कुणाकडे करणार? पण लॉरीवालेही यायचे थांबले, ते मात्र अन्यायाचं होतं. स्क्रूड्रायव्हर तोच होता, दात तेच होते. पण बहिऱ्याला आवाज दाखवायला कोण आणणार? निजाम गल्लीच्या तोंडाशी बसून स्टोव्ह दुरुस्त करू लागला. कानातला फाया त्याने काढून टाकला.

थंडी सरता सरता एक दिवस टांग्यातून कुसाबाई उतरल्या. हातात द्राक्षांची पाटी. नव्या ड्रायव्हरबरोबर गाडी मुंबईला गेली होती, म्हणून टांगा. निजाम स्टोव्हची पिन घासत होता. तो उठून उभा राहिला. ताहेरा दारात आली.

कुसाबाई त्याच्याजवळ आल्या आणि बोलू लागल्या. त्यांचे दात कधीच गेले होते. ओठ नुसते आत-बाहेर व्हायचे, त्यावरून काही उमगेना.

"खंडूला नको सांगू मी आल्याचं," त्या म्हणत होत्या. "पन मनाला खातंय रं. त्या सांजंला तो तुला आधी शाबास म्हनला व्हता. शिट्टी काढली म्हून. 'शाबास, निजाम, तुझ्यासारखा मानूस नाय.' दोनदा म्हनला. तू वळूनबी पाहिलं नाय, गप हाकत राह्यला. तवा त्याला शंका आली. मंग त्यानं मुद्दाम 'चोर हाय तू' म्हनून बघितलं, तर तू 'जी मालक' म्हनला."

निजाम त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने ताहेराकडे पाहिलं. ती भिंतीला धरून उभी होती.

"काय म्हणतात?" त्याने विचारलं.

ताहेरा जवळ आली. उभ्या आयुष्यात तिचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. तिने त्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडली, "शाबास! मालक तुम्हाला शाबास म्हणाले होते! त्या दिवशी! गाडीत!"

समोरच्या माडीची खिडकी उघडली. पलीकडचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. चोर म्हटल्याचं तिने सांगितलं नाही.

"शाबास!" ती पुन्हा ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "ऐकू आलं का?"

निजामने खाली बसून पिन उचलली.

"हं," तो म्हणाला, आणि स्टोव्ह घासायला लागला.